पोफळीला पेलेल एवढाच

मी जाडा माणूस आहे. सर्व्हिस मोटारीवर कंडक्टर आहे, आणि गाडी भरली की मधल्या वाटेनं पुढे जाताना मला आडवं व्हावं लागतं. उतारू थट्टा करतात. "मास्तर, तुमचं दीड तिकीट काढा," असं म्हणणारा एखादा रोज भेटतोच. मीही हसतो, कारण हसलं की तेवढ्यावर भागतं. पण घरी ताटावर बसलो आणि बायकोनं वर आणखी एक भाकरी टाकली की माझा हात थांबतो. तिला वाटतं, कालवण खारट झालं. तिच्या कालवणाला काही झालेलं नसतं.

आमच्या घरात वजन हा थट्टेचा विषय नव्हता. श्रीवर्धनात पोफळींच्या, म्हणजे सुपारीच्या झाडांच्या, वाड्या आहेत. पोफळ उंच, सरळ आणि इतकी बारीक की कवेत घेतली तर आपलेच हात आपल्या खांद्यांना लागावेत. माझा बा त्या झाडांवर चढून सुपारीचे घड उतरवायचा. तो पाडेली होता. चांगला पाडेली दर झाडाला चढत-उतरत बसत नाही. एका पोफळीवर गेला की घड कापायचा, दोरीनं खाली सोडायचा, मग शेंड्याजवळ घट्ट धरून झाड झुलवायचा आणि झुलता झुलता शेजारच्या पोफळीला हात घालून तिच्यावर जायचा. सुटलेली पोफळ सपकन मागं जायची. बा सकाळी वाडीच्या एका कडेला वर जायचा आणि जेवणाच्या वेळेला दुसऱ्या कडेला उतरायचा. आम्ही पोरं खालून गळालेली सुपारी वेचत मागं मागं जायचो. वर बघून बघून मान मोडून यायची.

ह्या कामाला ताकद हवी, पण त्याहून जास्त हवा तो हलकेपणा. जाड माणूस झोका घ्यायला गेला तर पोफळ वाकते ती वाकतच जाते. म्हणून वाडीच्या मालकांच्या अंगणात एक रीत होती. मांडवाच्या तुळईला सुपारी तोलायचा मोठा तराजू टांगलेला असे, आणि त्याच्याखाली एक गुळगुळीत धोंडा पडलेला असे. माझ्या आज्याच्या वेळीही तो तिथं होता म्हणतात. हंगाम सुरू व्हायच्या आधी एका पारड्यात तो धोंडा ठेवायचा आणि दुसऱ्यात पाडेल्यानं बसायचं. धोंडा उचलला गेला तर त्या माणसानं जुन्या, उंच पोफळींवर जायचं नाही. त्यात मालकांचंही काही चालायचं नाही. बा दर वर्षी बसायचा. धोंडा जागचा हलायचा नाही, आणि बा उतरताना मिशीतल्या मिशीत हसायचा.

माझा काका एका वर्षी तोलून न घेताच चढला. तो मुंबईला गिरणीत राहून आला होता, खानावळीचं जेवून अंगानं भरला होता, आणि चार लोकांसमोर धोंडा वर जाईल ह्याची त्याला लाज वाटली. पाडेल्यांच्या घरातल्या माणसालाच वाटेल अशी ही लाज. झोक्यात पोफळ मधोमध तुटली. मला काका आठवतो तो आमच्या पडवीत आडवा पडलेलाच. त्याचं सगळं आईनं केलं. त्याला कूस बदलून देणं, पुसून काढणं, पाठीला खोबरेल चोळणं. शेवटी तो गेला. बानं त्यातून एक गोष्ट घेतली, की माणसानं हलकं राहावं. आईनं वेगळीच घेतली. आपला मुलगा पोफळीवर चढायचा नाही, असं तिनं मनात धरलं, आणि बाला त्यातलं एक अक्षर बोलली नाही.

मी एकटाच मुलगा. माझ्या पाठची एक बहीण. बाच्या हातातल्या वाड्या पुढं माझ्याच हातात यायच्या होत्या, आणि त्यात बाला विचार करण्यासारखं काही दिसत नव्हतं. तो पाटावर बसला की आधी माझ्या ताटाकडे बघायचा.

"भरू नको त्याला," तो आईला सांगायचा. "पोफळीला पेलंल एवढाच ऱ्हाऊ दे."

आई मुकाट्यानं एक पळी भात काढून घ्यायची. बा दुष्ट नव्हता. स्वतःच्या ताटातलंही तो तसंच काढायला लावायचा, हंगामात तर नुसत्या पेजेवर राहायचा. पण मी आईच्या माहेरावर गेलो होतो. आतल्या गावचे, भातशेतीवाले, माझे मामा दारातून वाकून आत यायचे. माझे पाय लांब होत चालले होते आणि भूक तर विचारूच नका. शाळेत पाटीवर गणित मांडताना मला सुकटीचा वास यायचा.

बा वाडीवर गेला की आई मला मागीलदारी बोलवायची. चुलीजवळ झाकून ठेवलेलं ताट पुढं करायची. त्यात भात असायचा, अर्धी भाकरी असायची, कधी बांगड्याचा तुकडा. "खा गपचूप," एवढंच म्हणायची. माझी बहीण पुढच्या दारात बसून वाटेवर लक्ष ठेवायची. बा मध्येच कोयता विसरला म्हणून परत आला तर तिनं खोकायचं, असं ठरलेलं होतं. ती बारीक, काळीसावळी, मोठ्या डोळ्यांची. मी जेवून हात धुईपर्यंत ती तिथंच बसलेली असायची, आणि मी तिच्या अंगावरून उडी मारून शाळेला पळायचो.

एकदा मी विचारलं होतं, हे मी कबूल केलं पाहिजे. तोंडात घास असतानाच विचारलं, "तिला न्हाय?"

"तिला लागत न्हाय जास्त," आई म्हणाली.

मला ते पटलं. मुलींना भूक कमी असते, असं मला वाटत होतं. तसं सगळ्यांनाच वाटत होतं. ते भूक लागलेल्या मुलाला पटायला किती सोपं होतं, हे मला आता कळतं.

आणखी एक गोष्ट आहे, तिची मला जास्त लाज वाटते. बानं मला वाडीच्या कोपऱ्यातल्या दोन कोवळ्या पोफळींवर झोका शिकवायला घेतलं होतं. खाली बा उभा असायचा, झाडं फार उंचही नव्हती. पण झाड झुकायला लागलं की मला पडवीतला काका दिसायचा. माझे हात सुटायचे नाहीत. बा खालून शांतपणे सांगायचा, "सोड. सोड आता. जाईल ती बरोबर." मी पोफळीला चिकटून रडायचो. म्हणजे मागीलदारी जेवताना मी नुसता भूक भागवत नव्हतो. प्रत्येक घासाबरोबर मी तो झोका लांब ढकलत होतो, आणि ते मला पक्कं ठाऊक होतं. कधी कधी पोट भरल्यावरही मी खायचो. एकेक शीत पुसून खायचो.

मला मिसरूड फुटू लागलं त्या वर्षी हंगामाच्या आधी बानं मला मालकांच्या अंगणात नेलं. सगळं घरच निघालं होतं, कारण आई आणि बहीण तिथं सुपारी सोलायला जायच्याच. बा आधी बसला. धोंडा हलला नाही. मग बानं मला खूण केली. मी पारड्यात मांडी घालून बसलो, साखळ्या कुरकुरल्या, आणि समोरचा धोंडा हळूहळू जमिनीवरून उचलला गेला. मालक खुर्चीत बसले होते, त्यांनी फक्त चष्मा वर केला. मी बाकडे बघायला धजलो नाही. धोंड्याकडे बघत राहिलो. तो लोंबकळत थोडा गोल फिरत होता, आणि माझ्या मनात सुटल्याचा एक असा आनंद दाटून आला की तो तोंडावर दिसेल म्हणून मी मान खाली घातली.

"उतर," बा म्हणाला.

एवढ्यावर ते संपायला हवं होतं. पण तराजू मोकळा मिळाला की पोरं त्यावर बसायचीच. धोंडा काढला गेला. मालकांची नात सुट्टीला आली होती, माझ्या बहिणीपेक्षा चांगली लहान, बहिणीच्या खांद्याला लागेल एवढी. ती एका पारड्यात बसली आणि माझ्या बहिणीला हाक मारून म्हणाली, "ये ना, आपण झोके घेऊ." बहिणीनं हातातली सुपारी ठेवली, परकराला हात पुसले आणि दुसऱ्या पारड्यात चढली.

तिचं पारडं वर गेलं आणि वरच राहिलं. खाली यायलाच तयार नाही. ती साखळी धरून जोर देत होती, कुल्ले आपटत होती, पण काही उपयोग नव्हता. सोलायला बसलेल्या बाया हसायला लागल्या. मालकही हसले.

"अरे, तुला मुलगा कशाला हवा? पाडेली तर ही झाली," ते बाला म्हणाले.

सगळं अंगण हसलं. बहीण वरून आमच्याकडे बघून हसत होती. आपलं काहीतरी कौतुक झालंय असं तिला वाटत असावं. मी सगळ्यांत मोठ्यानं हसलो. माझी मघाची सुटका अजून अंगात होती, ती मला हसून बाहेर काढता आली.

बा हसला नाही. तो वर लोंबणाऱ्या तिच्या पायांकडे बघत होता. तिच्या नळ्या, घोटे, सगळं. मग त्यानं माझ्याकडे बघितलं. मग आईकडे. आई खाली मान घालून सुपारी सोलत होती, पण तिचा हात चालत नव्हता.

त्या दिवशी जेवताना बानं आईच्या हातातून पळी घेतली. असं त्यानं पूर्वी कधी केलं नव्हतं. बहिणीचं ताट त्यानं आपल्या पाटाशेजारी ओढलं आणि त्यात भात वाढला, मला वाढतात त्याच्यापेक्षा जास्त.

"पोरीला काय घालतेस तू?" त्यानं विचारलं.

"तिला लागत न्हाय जास्त," आई म्हणाली. पण आवाज तिचा नव्हता.

बानं पळी खाली ठेवली. ओरडला असता तर बरं झालं असतं. मी समोर बसून माझ्या ताटात बघत होतो, आणि मागीलदारचं ते झाकलेलं ताट कुठून भरत होतं ते मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. आमच्या घरात तांदूळ कुठून जादा येणार होता? एका ताटात जास्त म्हणजे दुसऱ्यात कमी. पहिलीतल्या पोराला येईल अशी ती वजाबाकी होती, आणि मी तर वर्गात गणितात पहिला होतो.

बहीण त्या भाताच्या ढिगाकडे घाबरून बघत होती. तिनं थोडा खाल्ला, मग तिला जाईना. बा पाणी प्यायला वळला तेवढ्यात तिनं अर्धा भात माझ्या ताटात लोटला. हे इतक्या चटकन आणि इतकं सवयीनं झालं की त्यात दयाबिया काही नव्हती. डोक्यावरचा पदर सारखा करावा तसं तिनं ते केलं. बा वळला तेव्हा तिचं ताट रिकामं होतं, आणि त्याला बरं वाटलं.

आणि मी तो भात खाल्ला. परत केला असता तर बाला कळलं असतं, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मला भूक लागली होती.

त्यानंतर बानं मला पोफळीवर नेलं नाही. "जड झालास. बरं झालं," असं म्हणाला आणि मला पुढच्या शाळेत घातलं. ते 'बरं झालं' त्यानं कसं म्हटलं ते मी आजवर ठरवू शकलेलो नाही. त्यात राग नव्हता. बहिणीला तो रोज आपल्याजवळ बसवायचा आणि ती रोज त्याची नजर चुकवायची. वळण पडलं होतं, ते मोडलं नाही. आई मात्र मला मागीलदारी बोलवायची थांबली. तिच्यावर मी रागावू शकलो नाही, अजूनही नाही. तिनं एका पडलेल्या माणसाची सेवा केली होती, आणि दुसरा पडू नये म्हणून तिच्याजवळ जे होतं ते तिनं दिलं. तिच्याजवळ पोरीच्या ताटाशिवाय दुसरं काही नव्हतं.

बा पुढं बरीच वर्षं चढत राहिला. मी कंडक्टर झालो, खाकी कपडे घालून घरी आलो, तेव्हाही तो चढत होता. त्याच्या वयाचे इतर पाडेली पोरांच्या हातात कोयता देऊन पडवीत बसले होते. एकदा रजेवर आलो असताना त्याची भाकरी घेऊन मी वाडीत गेलो. वर बघितलं तर बा एका पोफळीवरून खाली उतरत होता. उतरला, थोडा दम खाल्ला आणि शेजारच्या पोफळीवर बुंध्यापासून चढायला लागला. झोका घेतला नाही. मी भाकरी घेऊन तिथंच उभा राहिलो.

जेवताना तोच म्हणाला, "चढाय-उतराय लागलो म्हंजे आता संपलंच."

"मग सोडा ना, बा. मी पाठवतो की पैसे."

"सोडीन," तो म्हणाला, आणि माझ्या खाकी शर्टाच्या ताणलेल्या गुंड्यांकडे बघून हसला. "तुला कुठली पोफळ पेलायची!"

तो गमतीनं म्हणाला होता. पण मी चढायचा सवालच नव्हता आता. पुढच्या हंगामात मालकांनी दुसरा पाडेली बघितला, आणि बा धोंड्यासमोर बसायला गेला नाही. हलका तो तेव्हाही होता, म्हणजे पूर्वीपेक्षाही हलका. पण झोका घेणारे हात राहिले नव्हते.

बहिणीचं लग्न पलीकडच्या खाडीकाठच्या गावी झालं. सासर चांगलं आहे, दोन वेळचं व्यवस्थित आहे. तिला एक मुलगी आहे. तिच्या बाळंतपणात दवाखान्यातली नर्स मला बाजूला घेऊन म्हणाली होती, "तुमच्या बहिणीच्या अंगात काहीच नाही हो. माहेरी खायला देत नव्हता की काय?" ती बाई सहज बोलली असेल, बाळंतिणीच्या घरच्यांना बोलतात तशी. मी "देत होतो" असं उत्तर दिलं आणि मोसंबी आणायला बाजारात गेलो. मला सुचलं ते एवढंच. नंतर मी तिच्याकडे जाताना नेहमी काही ना काही घेऊन जातो. चांगला तांदूळ, खजूर, तूप. ती ते कोनाड्यात ठेवते आणि कुणी पाहुणा आला की काढते. एकदा मी तिला विचारणारच होतो, ते ताट तुला आठवतं का म्हणून. पण विचारून मला काय हवं होतं? तिनं 'न्हाय' म्हणावं, आणि मी मोकळं व्हावं, एवढंच. म्हणून विचारलं नाही.

ह्या मे महिन्यात ती मुलीला घेऊन आमच्याकडे राहायला आली. बा आता पडवीत बसून असतो, काकाच्या जागेपासून थोडा अलीकडे. बहीण चुलीपाशी भाकऱ्या करत होती. मुलांची पंगत तिनंच मांडली. माझा मुलगा आणि तिची मुलगी शेजारी शेजारी बसले. मुलगा माझ्यावर गेलाय, सांगायला नकोच. मुलगी आईसारखी, तेच मोठे डोळे.

मी दाराला टेकून बघत होतो. बहिणीनं दोघांना एकेक भाकरी वाढली, दोन्ही सारख्या. मला बरं वाटलं. मुलाची भाकरी बघता बघता संपली. तो मान वर करून आणखी मागणार, तेवढ्यात त्या मुलीनं आपली भाकरी मोडली आणि अर्धी त्याच्या ताटात ठेवली. कुणी सांगितलं नाही, कुणी खुणावलं नाही. तिनं त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"अगं, तू खा ती," मी म्हणालो. माझा आवाज मोठा झाला असावा, कारण मुलगी दचकली आणि आईकडे बघायला लागली.

बहिणीनं तव्यावरची भाकरी उलटली. "असू दे रं दादा," ती म्हणाली. "तिला लागत न्हाय जास्त."

पडवीतून बानं मान वळवून आत बघितलं. मी पुढं होऊन भाकऱ्यांच्या टोपलीतून एक भाकरी उचलली, मोडली, त्या मुलीच्या ताटात ठेवली आणि तिच्याशेजारी जमिनीवर बसलो. "खा," म्हणालो. ती खाईना. ताटातल्या भाकरीकडे बघत होती, माझ्या बहिणीनं त्या भाताकडे बघितलं होतं तशीच घाबरून. एक तुकडा तोंडात घालून कितीतरी वेळ चावत राहिली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. पाठीचे मणके हाताला लागले.

मी बहिणीकडे बघितलं, तिला काही सांगायचं म्हणून. ती चुलीकडे तोंड करून भाकरी थापत होती. मग मी मुलीच्या ताटाकडे पुन्हा बघितलं, तर त्यात नुसता तो उष्टा तुकडा उरला होता. बाकीची भाकरी शेजारच्या ताटात गेली होती, आणि माझा मुलगा खाली मान घालून ती खात होता.